वाचकांचे प्रश्न : निर्वासित नायक आणि चार देशांचा पैसा

गेल्या अंकात ‘द मॅन हू सोल्ड हिज स्किन’ (२०२०) या चित्रपटावर लेख होता. सीरियातल्या रक्का शहरातला सॅम रेल्वेच्या डब्यात, प्रेमाच्या भरात ‘क्रांती’, ‘स्वातंत्र्य’ असे शब्द बोलून जातो आणि पकडला जातो. तिथून निसटून तो लेबनॉनला पोचतो. ब्रुसेल्सला जाता यावं म्हणून एका नामवंत चित्रकाराला तो आपली पाठ देतो. पाठीवर शेंगेन व्हिसा गोंदवला जातो आणि माणूस म्हणून ज्याला युरोपात वाट नव्हती, तो कलावस्तू म्हणून आत जातो. दिग्दर्शिका ट्युनिशियाच्या कौथर बेन हनिया. लेखावर मराठवाड्यातून बरीच पत्रं आली. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

चित्रपटाच्या सुरुवातीला एवढ्या देशांची नावं येतात. मग चित्रपट नेमका कोणाचा? (लातूर)

मालकीच्या दृष्टीने सगळ्यांचा. ट्युनिशिया, फ्रान्स, बेल्जियम, जर्मनी, स्वीडन अशा देशांतले निर्माते इथे एकत्र आले. ज्याने जेवढा वाटा उचलला, त्या प्रमाणात मूळ मास्टरवर, म्हणजे चित्रपटाच्या मूळ प्रतीवर, त्याची मालकी असते. विक्रीचे हक्क मात्र बहुधा प्रदेशानुसार वाटतात. ज्याचा जो देश, तिथली कमाई त्याची, आणि उरलेल्या जगाची कमाई ठरलेल्या टक्क्यांनी.

ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपटांच्या विभागात देश चित्रपट पाठवतो. हा ट्युनिशियाने पाठवला आणि तो अंतिम पाचांत पोचला. याची उलट बाजूही आहे. ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला २०२४ साली कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालं. फ्रान्स, भारत, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि इटली अशी ती सहनिर्मिती. तरी भारतानेही तो ऑस्करला पाठवला नाही आणि फ्रान्सनेही नाही. पाच घरचा पाहुणा उपाशी राहतो, तसं सहनिर्मितीत होऊ शकतं. म्हणून कोणत्या महोत्सवात चित्रपट कोणत्या देशाच्या नावाने जाणार, हे करारातच लिहून घ्यायचं असतं.

माझ्या पटकथेचा नायक टीव्ही पत्रकार आहे. सरकारविरुद्ध बातमी दिल्यामुळे तो देश सोडून फ्रान्सला जातो. त्याला तिथे नाव कमवायचं आहे. वाचणारे म्हणतात, ‘हा स्वार्थी वाटतो, निर्वासित वाटत नाही.’ काय बदलू? (परभणी)

त्याचा स्वार्थ काढू नका. निर्वासित बिचाराच असला पाहिजे, अशी अट कायद्यात नाही. १९५१ च्या जिनिव्हा करारात पाच कारणं दिली आहेत : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत. यांपैकी एखाद्या कारणापायी छळ होण्याची सार्थ भीती असणारा, देशाबाहेर पडलेला माणूस म्हणजे निर्वासित. तो पुढे पुढे करणारा असेल, गर्विष्ठ असेल. भीती खरी असली की झालं.

तुम्ही पाठवलेल्या वीस पानांची अडचण वेगळी आहे. नायक तीनदा ‘मला मोठं व्हायचंय’ म्हणतो, पण तो कशात हुशार आहे हे एकदाही दिसत नाही. आधी त्याचा हुन्नर दाखवा. तो मुलाखत कशी घेतो, समोरच्याला कुठे गप्प करतो, बातमीचं पहिलं वाक्य कसं बांधतो, हे येऊ द्या. मग ती महत्त्वाकांक्षा फ्रान्सच्या कागदपत्रांवर आपटू द्या. प्रसंग त्यातून आपोआप निघतात.

तिथला क्रम असा. प्रीफेक्चरमध्ये, म्हणजे सरकारच्या स्थानिक कार्यालयात, नोंदणी होते, बोटांचे ठसे घेतले जातात आणि अर्जदार असल्याचा दाखला मिळतो. त्यानंतर निर्वासितांचे अर्ज तपासणाऱ्या ओफ्प्रा या कार्यालयाकडे भरलेला अर्ज २१ दिवसांत पोचवावा लागतो. त्यात आपल्यावर काय गुदरलं ते लिहायचं असतं, आणि तेही फ्रेंचमध्ये. तुमच्या नायकाचं पोट शब्दांवर चालतं. आता त्याला स्वतःची हकिकत न येणाऱ्या भाषेत, २१ दिवसांत, परक्याच्या हातून लिहून घ्यायची आहे. स्वयंसेवक समोर बसून त्याच्या दहा वाक्यांचं एक करतो आहे आणि कोणती नऊ गळाली ते याला कळत नाही. हा प्रसंग तुमच्या पटकथेत नाहीच, आणि तो असायलाच हवा.

पुढे मुलाखत. अधिकारी दुष्ट दाखवण्याचा मोह टाळा. तो अर्ज आणि बोलणं पडताळत असतो. अर्जात तीन दिवसांची कोठडी, तोंडी पाच दिवसांची. अर्जात ‘वार्ताहर’, तोंडी ‘मुख्य संपादक’. महत्त्वाकांक्षी माणूस इथेच घसरतो. आपलं मोठेपण चार आण्यांनी वाढवून सांगायची सवय त्याला देशात फायद्याची ठरलेली असते. इथे त्याच सवयीने खरी भीतीसुद्धा खोटी वाटू लागते. अर्ज फेटाळला गेला तर सीएनडीए या न्यायाधिकरणात अपिलाला एक महिना असतो. काम करायची परवानगी लगेच मिळत नाही. ओफ्प्राचा निर्णय सहा महिन्यांत आला नाही तर ती मागता येते. तुमचा नायक दुसऱ्याच आठवड्यात पॅरिसच्या वाहिनीवर कामाला लागतो, तो प्रसंग काढून टाका.

दोन गोष्टी तुमच्या कथेला फार उपयोगाच्या आहेत. पहिली : देश सोडल्यानंतरच्या कृतींमुळेही माणूस निर्वासित ठरू शकतो. तुमच्या नायकाने परदेशातून व्हिडिओ टाकले आणि त्यामुळे मायदेशातलं सरकार खवळलं, तर त्याचा दावा बळकट होतो. पण मग अधिकारी विचारणारच, हे तू मतासाठी केलंस की कागदासाठी? आधीपासूनच्या मताचाच हा पुढचा भाग आहे, हे त्याला दाखवावं लागेल. प्रसिद्धीची हौस आणि जिवाची भीती एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की त्याला स्वतःलाही ती वेगळी करता येत नाहीत. तुमच्या चित्रपटाचा गाभा मला इथे दिसतो.

दुसरी : दर्जा मिळाल्यावर हातात येणारं प्रवासपत्र. कव्हरवर वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेषा असतात, आणि ते ज्या देशातून माणूस पळाला त्या देशासाठी चालत नाही. आई आजारी आहे म्हणून नायकाने स्वतःच्या देशाच्या दूतावासातून गुपचूप जुना पासपोर्ट नवा करून घेतला, तर त्याने पुन्हा त्या सरकारचं संरक्षण स्वीकारलं असा अर्थ लावला जाऊ शकतो आणि दर्जा जाऊ शकतो. तुमच्या मसुद्यात तो विमानाने थेट गावी अंत्यविधीला जातो. जाऊ द्या, पण त्याची किंमत मोजू द्या.

शेवटचं, कथेचं साल ठरवा. २०१५ ची कथा असेल तर २०१३ चा डब्लिन नियम लागू होतो. युरोपात ज्या देशात पहिलं पाऊल पडलं आणि ठसे घेतले गेले, तिथे परत पाठवण्याची टांगती तलवार असते. ते हस्तांतर साधारणपणे सहा महिन्यांत झालं नाही तर जबाबदारी तो आत्ता जिथे आहे त्या देशावर येते. नायक ते सहा महिने मोजतोय, एवढ्यावर अर्धा चित्रपट उभा राहील. २०२४ मध्ये युरोपीय संघाने हे सगळे नियम बदलायचं ठरवलं, त्यामुळे आजची कथा लिहिताना जुन्या चित्रपटांवरून नियम उचलू नका.

असा नायक आपल्याच शहरात दाखवता येईल का? विद्यापीठात परदेशी विद्यार्थी बरेच असतात. (छत्रपती संभाजीनगर)

येईल, आणि ताजाही वाटेल. मात्र युरोपचा साचा इथे चालणार नाही. भारताने १९५१ च्या करारावर किंवा १९६७ च्या पूरक करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांचा स्वतंत्र कायदा नाही. तिबेटी किंवा श्रीलंकेतल्या तमिळ लोकांसाठी सरकारची वेगळी व्यवस्था आहे. इतर देशांतून आलेल्यांची नोंद दिल्लीतलं संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित कार्यालय करतं आणि कार्ड देतं. ते कार्ड म्हणजे नोकरीचा परवाना नव्हे.

समजा, नायक अफगाण विद्यार्थी आहे आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच्या देशातलं सरकार कोसळलं. विद्यार्थी व्हिसावर आल्यावर १४ दिवसांत परकीय नागरिक म्हणून झालेली नोंद, पासपोर्टची संपत आलेली मुदत, नवा पासपोर्ट द्यायला दूतावासात कोणी आहे की नाही याची खात्री नाही, फी भरायची बाकी आणि नोकरीला मनाई. राजकीय भाषण केलं तर व्हिसा धोक्यात, नाही केलं तर तो स्वतःच्या नजरेतून उतरणार. त्याची खोली विद्यापीठाच्या आसपास कुठेतरी असू द्या आणि त्याला घरभाड्याच्या करारासाठी धडपडू द्या. घरमालकाला परदेशी भाडेकरूची माहिती सरकारला द्यावी लागते (२०२१ मध्ये ती ‘सी फॉर्म’मध्ये द्यावी लागे), म्हणूनच बरेच घरमालक खोली नाकारतात.

पटकथा तयार आहे. जर्मनीतला एक निर्माता तयार आहे, अमेरिकेतले नातेवाईकही पैसे घालायचं म्हणतात. सहनिर्मितीची पायरी-पायरीने माहिती द्या. (जालना)

पहिली गाठ इथेच सोडवा. परदेशातून पैसा आला म्हणजे ती सरकारमान्य सहनिर्मिती होत नाही. त्यासाठी दोन देशांच्या सरकारांमध्ये करार लागतो. भारताचे असे करार इटली, ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, न्यूझीलंड, पोलंड, स्पेन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांशी आहेत, अमेरिकेशी नाही. म्हणजे जर्मन निर्मात्याबरोबर सहनिर्मिती होऊ शकते. नातेवाइकांचा पैसा ही साधी गुंतवणूक, ती तुमच्या भारतीय वाट्यात कशी दाखवायची ते सीएला विचारून ठरवा. अधिकृत दर्जाचा लाभ मोठा असतो. चित्रपट दोन्ही देशांत ‘घरचा’ धरला जातो आणि दोन्हीकडच्या अनुदानांना पात्र ठरतो. फाळणीत उखडलेल्या कुटुंबावरचा ‘किस्सा’ (२०१३) असाच भारत आणि जर्मनीच्या करारातून झाला, सोबत नेदरलँड्स आणि फ्रान्स होते.

आता हिशेब. बहुतेक करारांत कमीत कमी वाटा २० टक्क्यांच्या आसपास असतो. बजेट १० कोटी असेल तर तुमचा वाटा किमान २ कोटी. हे दोन कोटी रोखच असले पाहिजेत असं नाही, पण पैशाच्या प्रमाणात कलावंत, तंत्रज्ञ आणि खर्चही दिसावा लागतो. २ कोटी भारताचे आणि सगळी मंडळी जर्मनीची, असं चालत नाही. इथे नेहमीची चूक होते ती ‘नंतर घेऊ’ म्हणून सोडलेल्या मानधनाची. निर्माता स्वतःचे ४० लाख आणि दिग्दर्शकाचे ३० लाख कागदावर धरतो. प्रत्यक्षात रोख उरते १ कोटी ३० लाख. शूटिंगच्या तिसऱ्या आठवड्यात लाइटवाल्यांचे आणि गाड्यांचे पैसे थकतात.

आधी पटकथेचे हक्क स्वच्छ करा. लेखकाची सही असलेला करार, कादंबरीवरून असेल तर मूळ हक्काचा करार, सगळे एका फाइलमध्ये. त्याशिवाय युरोपातला निधी दारातही उभं करत नाही. मग दोन निर्मात्यांमधला करार : टक्केवारी, मालकी, प्रदेश, श्रेयनामावलीचा क्रम, बजेट वाढलं तर कोण भरणार, विनिमयदर कोणत्या तारखेचा. त्यानंतर माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे तात्पुरत्या मान्यतेचा अर्ज. एनएफडीसीतलं (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ) ‘इंडिया सिने हब’, म्हणजे पूर्वीचं फिल्म फॅसिलिटेशन ऑफिस, हे काम पाहतं. तिकडे जर्मन निर्माता त्याच्या सरकारकडे अर्ज करतो. दोन्ही मान्यता शूटिंगच्या आधी हव्यात. हा भाग लोक हलक्यात घेतात आणि ‘पावसाआधी दहा दिवस उरकून घेऊ’ म्हणून कॅमेरा लावतात. मग अख्खा चित्रपट अपात्र ठरण्याची वेळ येते. चित्रपट पूर्ण झाल्यावर अंतिम मान्यता मिळते आणि तेव्हा लेखापरीक्षित खर्च दाखवावा लागतो. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक बिल कंपनीच्या नावावर घ्या. ढाब्याच्या कच्च्या पावतीला तिथे किंमत नाही.

परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेचं बँकेकडून विदेशी आवक प्रमाणपत्र मागा. तिकडे पैसे पाठवायचे असतील तर समोरच्याचा कर-रहिवासाचा दाखला आधी मिळवा, नाहीतर कर जास्त कापला जातो आणि भांडण लागतं. परदेशी क्रू पर्यटक व्हिसावर आणू नका. फिल्म व्हिसा वेगळा असतो. कॅमेरे ‘एटीए कार्नेट’वर (सामान तात्पुरतं आणून परत नेण्याचा सीमाशुल्काचा कागद) आणले तर सीमाशुल्क भरावं लागत नाही. पण यादीतला सिरियल नंबर आणि लेन्सवरचा नंबर यांत एका आकड्याचा फरक असला तरी पेटी विमानतळावर अडकते. निघण्याआधी प्रत्येक वस्तू हातात घेऊन नंबर जुळवा. वेरूळ-अजिंठ्याला शूटिंग असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पत्रावर भागत नाही.

कमाईचं गणितही आधीच समजून घ्या. परदेशी हक्क १०० रुपयांना विकले गेले, तर विक्री एजंटचं कमिशन २० ते २५ रुपये आणि वर त्याचा खर्च. खर्चाला कमाल मर्यादा लिहून घेतली नाही तर उरलेले रुपये त्यातच विरघळतात.

युरिमाज निधीबद्दलही तुम्ही विचारलंय. तो युरोपच्या परिषदेचा निधी आहे. भारत सदस्य नाही आणि तिथे किमान दोन सदस्य देशांतले निर्माते लागतात. जर्मनीबरोबर दुसरा युरोपीय निर्माता आला तरच ती वाट खुलते. असा निर्माता शोधायला नोव्हेंबरमध्ये गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या जोडीने भरणारा एनएफडीसीचा ‘वेव्ह्ज फिल्म बाजार’ (पूर्वीचा फिल्म बाजार) ही आपल्याला सर्वांत जवळची जागा. तिथे संहितेपेक्षा आधी दोन पानांचा सारांश आणि एका पानाचं बजेट वाचलं जातं.

रझाकारांच्या काळात आमच्या भागातून बार्शीकडे गेलेल्या कार्यकर्त्यांवर चित्रपट होऊ शकतो का? त्यांना राजकीय निर्वासित म्हणता येईल? (धाराशिव)

म्हणता येईल आणि करायलाच हवा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थान भारतात नव्हतं. २९ नोव्हेंबर १९४७ चा ‘जैसे थे’ करार होता, पण सरहद्द खरी होती. उमरखेड, बार्शीसारख्या ठिकाणी सरहद्दीपलीकडे कॅम्प उभे राहिले. जिनिव्हा करार अजून व्हायचा होता, म्हणून पात्रांच्या तोंडी ‘निर्वासितांचे हक्क’ वगैरे शब्द घालू नका. ‘कॅम्पात गेला’ एवढंच ते म्हणतील.

सरहद्द पडद्यावर दिसण्यासाठी तारेचं कुंपण लागत नाही. खिशातले पैसे पुरतात. संस्थानात हाली सिक्का, पलीकडे कलदार. सात हाली रुपयांना सुमारे सहा कलदार. नाक्यापलीकडे पहिला चहा पिताना दुकानदार हाली नाणं परत सरकवतो, या एका कृतीत प्रेक्षकाला देश बदलल्याचं कळतं. अलीकडे करोडगिरीचा (जकातीचा) नाका, उर्दू दफ्तर, फसली सन. आणि महत्त्वाकांक्षा हवी असेल तर १९५२ ची निवडणूक चार वर्षांवर आहे. कॅम्पातला कोणता तरुण तेव्हाच तिकिटाचा विचार करतो आहे, हा प्रश्न विचारून पाहा. सहनिर्मितीच्या बाजारात मात्र हा विषय मांडताना संस्थान म्हणजे काय, हे पहिल्या परिच्छेदात सांगावं लागेल. बाहेरच्या वाचकाला १९४७ माहीत असतं, १९४८ नसतं.

आम्ही अशा चित्रपटांना मराठी सबटायटल्स करतो. ‘रेफ्युजी कॅम्प’ला छावणी लिहावं का? (अंबाजोगाई)

नको. आपल्याकडे छावणी म्हटलं की दुष्काळातली गुरांची छावणी नाहीतर संभाजीनगरची छावणी डोळ्यांपुढे येते. ‘निर्वासितांचा कॅम्प’ हे सरळ आहे. स्थलांतरित आणि निर्वासित यांतही घोळ करू नका. उचल घेऊन कारखान्यावर जाणारा ऊसतोड कामगार स्थलांतरित; हंगाम संपला की तो घरी येतो. निर्वासिताला परत जाता येत नाही. निर्णय व्हायचा आहे तोवर ‘आश्रयार्थी’ लिहा. मुलाखतीत अधिकारी जर्मन किंवा फ्रेंचमध्ये आदरार्थी बोलत असतो, तिथे ‘तुम्ही’च ठेवा. ‘तू’ लिहिलं की पोलीस ठाणं वाटतं आणि प्रसंगाचा तो थंड सभ्यपणा जातो.

तांत्रिक बाजू : जास्तीत जास्त दोन ओळी, किमान एक सेकंद आणि सहा-सात सेकंदांपेक्षा जास्त नाही. युरोपातली प्रत २५ फ्रेमची आणि तुमची २४ ची असेल, तर तासाला अडीच मिनिटांचा फरक पडतो. मध्यंतरापर्यंत प्रश्न एकाचा आणि उत्तर दुसऱ्याच्या तोंडी येतं. डीसीपीमध्ये (थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत) मराठी मजकूर फॉन्टसकट घातला तर काही सर्व्हरवर जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्या अक्षरावर जाते. म्हणून प्रत्येक सबटायटल पीएनजी चित्र म्हणून घाला.

कॉलेजच्या सभागृहात असा चित्रपट दाखवायचा आहे. ओटीटीची वर्गणी आहेच, तीवरून चालेल का? (नांदेड)

नाही. ती वर्गणी घरी पाहण्यासाठी असते. तिकीट नसलं तरी सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क वेगळा घ्यावा लागतो. भारतात वितरक असेल तर त्याला, नसेल तर विक्री एजंटला लिहा. पत्रात तारीख, खुर्च्यांची संख्या, प्रवेश मोफत की नाही आणि किती खेळ ते सांगा. शैक्षणिक संस्था असल्याचं सांगितलं तर दर पुष्कळदा खाली येतो. सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेला चित्रपट महोत्सवात दाखवायला माहिती आणि प्रसारण मंत्रालयाची सूट लागते, ती आधी काढा.

डीसीपी मिळाली तर ती उघडणारी केडीएम ही चावी एकाच सर्व्हरसाठी आणि ठरावीक तासांसाठी असते. सर्व्हर बदलला तर नवी चावी मागवावी लागते, आणि रविवारी युरोपात फोन उचलायला कोणी नसतं. शुक्रवारीच दहा मिनिटं चालवून पाहा. त्या दहा मिनिटांत संवादाचा प्रसंग असू द्या. पार्श्वसंगीत येतंय पण माणसांचे आवाज खोल गेल्यासारखे वाटत असतील, तर मधला स्पीकर जोडलेला नाही. अशा सभागृहांत बहुधा डावा-उजवा एवढेच असतात. ध्वनी ५.१ ऐवजी स्टिरिओत उतरवून घ्या.